गवत की प्लास्टिक

आमच्या कॉडल बे गावच्या बोल्स क्लबात दोन वर्षं एकच भांडण चालू होतं. गोळे घरंगळवायचं मैदान खऱ्या गवताचं ठेवायचं, की प्लास्टिकचं करायचं? गवताच्या बाजूने लेस पायबस, प्लास्टिकच्या बाजूने थेल्मा गॅरट. दोघंही सत्तरीपुढचे, आवाज मात्र खणखणीत. सेक्रेटरी म्हणून मधे बसून माझे कान किटले होते.

त्या रविवारी नव्या अध्यक्ष मिसेस टकवेल आल्या. त्यांनी शाळेत तीस वर्षं पोरांना वादविवाद शिकवलेला.

"आज विरोध करायच्या आधी समोरच्याचं म्हणणं आपण मांडायचं," त्या म्हणाल्या. "तो 'हो, हेच' म्हणेपर्यंत. लेस, तू सुरू कर."

"सोपं आहे. हिचा जावई प्लास्टिक विकतो."

"हे जावयाबद्दल झालं. मैदानाबद्दल बोल."

"ही आळशी आहे."

"लेस!"

लेस वैतागला. "मग तूच सांग ना बाई, कशाला हवंय तुला ते?"

दोन वर्षांत हे त्याने पहिल्यांदाच विचारलं. थेल्मा म्हणाली,

"जून ते ऑगस्ट, आपल्या इथल्या हिवाळ्यात, गवतावर पाणी साचतं. आमचा बुधवारचा खेळ बंद. नवरा गेल्यापासून मी माणसांशी बोलते ती बुधवारीच."

लेसने ते सावकाश, तिच्याच शब्दांत मांडलं. ती म्हणाली, "हो, हेच."

मग थेल्माची पाळी. "कागद गिरणीतली नोकरी सुटल्यापासून लेस रोज पहाटे हे गवत कापतो. ते काढलं तर याने उठायचं कशासाठी?"

"हेच," लेस पुटपुटला.

मतं घेतली. लेसने प्लास्टिकसाठी हात वर केला, थेल्माने गवतासाठी. सगळे पोट धरधरून हसले. शेवटी ठरलं: बाहेर गवत राहील, आणि हिवाळ्यात हॉलमध्ये गालिचा अंथरून त्यावर खेळायचं.

हॉलमधल्या पहिल्याच बुधवारी थेल्माने लेसला सपशेल हरवलं.

"जमीन खिडकीकडे उतरती आहे, म्हणून हरलो," लेस म्हणाला.

"पुरावा?" मिसेस टकवेलनी विचारलं.

लेसने ताटलीतलं संत्रं गालिच्यावर ठेवलं. ते खरंच खिडकीकडे घरंगळत गेलं.

"उतार आहे, मान्य," थेल्मा म्हणाली. "पण माझे गोळेही त्याच उतारावरून गेले ना रे?"

 लेसने संत्रं उचललं, सोललं आणि अर्धं तिच्यापुढे धरलं.