वीस मिनिटं पुढे

नूतनचा राग तसा नाकाच्या शेंड्यावरच असायचा, पण त्या सोमवारी तो पार डोक्यात जाऊन बसला होता. सकाळपासून ती पांडेसऱ्यातल्या आपल्या दीड खोलीच्या घरात लोखंडी कॉटवर मांडी घालून बसली होती आणि समोरचा लॅपटॉप तिचं एक ऐकत नव्हता.

बिल्ड होत होतं. म्हणजे साड्यांच्या दुकानाची अख्खी वेबसाइट बांधून, गाठोडं करून तयार होत होती. एक चूक नाही, एक तक्रार नाही. आणि तेच गाठोडं इंटरनेटवर पब्लिश करायला गेलं, की दोन सेकंदांत लाल ओळ यायची: प्रवेश नाकारला. का नाकारला, कुणी नाकारला, काही सांगायचं नाव नाही.

"अरे मेल्या, शनिवारी तर घेतलं होतंस ना!" ती पडद्यावर खेकसली.

शनिवारी चाचणीसाठी याच लॅपटॉपवरून तिनं पब्लिश केलं होतं आणि ते मुकाट झालं होतं. मग बिघडलं कुठं? तिनं पब्लिशची किल्ली नवी बनवून पाहिली. घरचं वायफाय बंद करून मोबाइलचं नेट लावलं. शेवटी शनिवारचाच जुना कोड काढून तोच चढवला, तर तोही नाकारला. म्हणजे कोडात दोष नाही. याचा तिला जास्तच संताप आला. चूक आपली असती तर निदान निस्तरता तरी आली असती!

आणि वेळ कुणाकडे होता? पर्वत पाटियाच्या त्या दुकानात आज ऑनलाइन विक्रीचं उद्घाटन. मुहूर्त बारा वाजून पाच मिनिटांचा. शेठ पाहुण्यांसमोर बटण दाबणार आणि साइट सुरू होणार. नूतनच्या कंपनीचा मालक भूपेंद्र कतारगामच्या ऑफिसातली सगळी माणसं घेऊन तिकडेच गेला होता. पब्लिश करायचं तेवढं नूतनच्या गळ्यात. तिचे नोकरीतले कच्चे तीन महिने या आठवड्यात संपत होते. भूपेंद्र मूळचा धुळ्याकडचा, पण बोलायचा गुजरातीच; त्यानं शनिवारी स्वच्छ सांगितलं होतं, "साइट टायमावर लागी तो तू पक्की. नाय तो सॉरी, बेन."

घरात तिचे आप्पा होते. उखा पाटील. कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये सव्वीस वर्षं मशीनवर उभा राहिलेला माणूस. सोमवारी मिलची सुट्टी, म्हणून दारात बसून लसूण सोलत होते. या माणसाचं एकच वेड होतं: घड्याळ. मिलचं गेट आठला बंद. आठ वाजून एक मिनिट झालं की वॉचमन आत घेत नाही, त्या दिवसाचा खाडा. म्हणून आप्पांनी घरातलं भिंतीवरचं घड्याळ, स्वतःच्या मनगटावरचं, नूतनच्या आईच्या, उषाबाईंच्या मोबाइलमधलं, सगळी घड्याळं वीस मिनिटं पुढे करून ठेवली होती. घड्याळात सात चाळीस झाले की डबा उचलायचा आणि चालू लागायचं. सव्वीस वर्षांत उशिराचा एक खाडा नाही, हे ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगायचे. नूतनच्या फोनला हात लावायची मात्र कुणाची छाती नव्हती.

"काय व्हयनं, पोरी?" आप्पांनी विचारलं.

"काही नाही. तुम्हाला नाही कळणार."

लॅपटॉपच्या कोपऱ्यात अकरा पंचावन्न झाले. तिनं भिंतीकडे पाहिलं. तिथंही अकरा पंचावन्न. दहा मिनिटं! तेवढ्यात फोन वाजला. भूपेंद्रच.

"शुं थयुं? लागी?"

"सर, अजून नाही, बघतेय... दहा मिनिटांत काहीतरी..."

"दहा शाची? अजून अर्धा कलाक छे. पण लाव जल्दी, शेठ सारखा विचारतोय."

अर्धा तास? तिनं फोन कानापासून काढून पाहिला. अकरा पस्तीस. लॅपटॉपवर अकरा पंचावन्न, भिंतीवर अकरा पंचावन्न. आणि हा लॅपटॉप न् ते भिंतीवरचं घड्याळ आजवर कधी एका वेळेवर आलेली नव्हती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आप्पा! तुम्ही माझ्या लॅपटॉपला हात लावला?"

आप्पा कौतुकानं हसले. "काल रविवारनी सांज. तू बाजारमा गयथी. त्यानं घड्याळ मागे व्हतं, ते करी दिधं बराबर. मोबाइलसारखंच से."

नूतननं लॅपटॉप पुढ्यात ओढला. आधी तिनं वेळ दुरुस्त केली. किल्लीवर वेळेचा शिक्का बसतो. पलीकडचा सर्व्हर आपल्या घड्याळाशी तो ताडून बघतो, आणि पाच-दहा मिनिटांहून जास्त फरक दिसला की चोर समजून हाकलून देतो. तिनं पुन्हा पब्लिश दाबलं. हिरवी ओळ आली. झालं! सकाळपासूनची ती सगळी झटापट, आणि दोष निघाला घरच्या घड्याळाचा. तिनं भूपेंद्रला कळवलं, आणि मग तोंड सोडलं.

"नोकरी जात होती माझी, कळतंय का? नोकरी! तुमच्या त्या मिलचं वेड मिलमध्येच ठेवा. साऱ्या जगाचं घड्याळ एक आणि आपल्या घराचं वेगळं! लोक हसतात. सव्वीस वर्षं एका वॉचमनला घाबरून काढलीत, आता मला नका त्यात ओढू!"

"नूतन!" उषाबाई चुलीपासून ओरडल्या. "बापाशी बोलतेस तू."

"मग काय आरती ओवाळू?"

आप्पांनी लसणाची टरफलं गोळा केली, हात झटकले आणि बाहेर निघून गेले. नूतनला वाटलं, बरं झालं, कुणीतरी एकदा सांगायलाच हवं होतं. दुपारी भूपेंद्रचा फोन आला, साइट धडाक्यात सुरू झाली, तू पक्की. तिनं तो आनंदही घुश्श्यातच ऐकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला ती केस विंचरत होती, तर दारात आप्पा. हातात डबा, तसाच भरलेला.

"का हो, परत?" उषाबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं.

"गेट लागी गयथं."

नूतननं भिंतीकडे पाहिलं. साडेआठ. फोन पाहिला. साडेआठ. काल रात्री सगळे झोपल्यावर या माणसानं घरातली सगळी घड्याळं बरोबर केली होती. आणि सकाळी सवयीनं, घड्याळात सात चाळीस झाल्यावरच डबा उचलला होता.

"अहो, मग लवकर निघायचं ना!" ती ओरडलीच. "वेळ बदलली तर हिशेब नको का करायला? आणि त्या वॉचमनला सांगायचं, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा... पाच मिनिटांसाठी तो मुडदा..."

"त्यानी काय चूक? घड्याळ बराबर व्हतं, पोरी. मीच उशिरा निंघनू."

ते डबा ओट्यावर ठेवून काल बसले होते त्याच जागी दारात बसले. चपला काढायच्या राहिल्या होत्या. काल ज्या सर्व्हरनं तिला दारातून हाकललं होतं, त्याला तिनं सकाळभर शिव्या घातल्या होत्या. आप्पांनी कुणाला एक शिवी दिली नव्हती. तिला स्वतःची इतकी चीड आली, की कंगवा तिनं कॉटवर आपटला.

मग तिनं स्टूल ओढलं, वर चढली, भिंतीवरचं घड्याळ काढलं आणि मागची चकती फिरवून काटा रागारागानं पुढे सारला. पाच, दहा, पंधरा, वीस. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

खालून आप्पा बघत होते. म्हणाले, "पंचवीस कर. पाय आते पहिलासारखा चालतस नही."