अकरा आणि बाराच्या मध्ये

वडील गेले तेव्हा थोरला एकतीस वर्षांचा होता आणि त्याची बहीण चिंगी सव्वीसची. वडील लिफ्टचे मेकॅनिक. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या इमारतींमध्ये वर-खाली केलं आणि स्वतः मात्र तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत संसार केला. त्यांच्या हातांच्या रेषांत ग्रीस इतकं मुरलं होतं, की शेवटच्या दिवशी नर्सनं दोनदा पुसूनही ते निघालं नाही.

त्यांच्यावर कॉम्प्युटर गेम करायचा ही कल्पना चिंगीची. ती जाहिरातींसाठी चित्रं काढायची, थोरला एका कंपनीत प्रोग्रामर होता. दोघांनी नोकऱ्या सोडल्या आणि पुढच्या खोलीत समोरासमोर दोन टेबलं मांडली. आई म्हणाली, "बापावर काहीतरी करताय ना, मग करा. मला काही समजावून सांगू नका." चार वर्षं त्यांनी जिवाचं रान केलं.

गेम साधा होता. एक जुनी बारा मजली इमारत, बंद पडलेली लिफ्ट आणि एक मेकॅनिक. दर मजल्यावर एक दार ठोठावायचं, आतल्या माणसाचं काहीतरी अडलेलं असायचं, ते सोडवायचं आणि मग लिफ्ट एक मजला वर न्यायची. बाराव्या मजल्यावर मेकॅनिकचं स्वतःचं घर. तिथं दार उघडलं की वडिलांचा खरा आवाज यायचा. जुन्या फोनमध्ये चुकून राहिलेले चार शब्द होते ते: "आलो गं, हात धुतो." तेवढ्यावर गेम संपायचा.

तो बाजारात आला आणि पहिल्या आठवड्यात काहीशे लोकांनी घेतला. आठव्या दिवशी त्याची कुलूप तोडलेली फुकट कॉपी इंटरनेटवर आली. विकत घेणाऱ्यांच्या कितीतरी पट लोकांनी ती उतरवून घेतली. खाली बहुतेकांनी एकच वाक्य लिहिलं होतं, जणू कुणी सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं: आधी खेळून बघू, आवडला तर घेऊ.

"यांना हॉटेलात ताट पुसून झाल्यावर विचारतात का, आवडलं का म्हणून?" थोरला म्हणाला. "चार वर्षं आपण काय माशा मारत होतो?"

पण तो फार हादरला नव्हता, कारण त्यानं सापळा लावून ठेवला होता. कॉपीची मोडतोड झालेली असेल तर लिफ्ट अकरा आणि बारा या मजल्यांच्या मध्ये कायमची थांबायची. बाकी सगळं नीट चालायचं. खेळणाऱ्याला वाटावं, गेममध्येच काहीतरी बिघाड आहे. चिंगीला हे त्याच वेळी खटकलं होतं. "शेवटचा मजला नको ना रे वापरूस त्यासाठी," एवढंच ती म्हणाली होती. त्यानं ऐकलं नाही आणि तिनंही ताणून धरलं नाही.

दहाव्या दिवसापासून तक्रारी येऊ लागल्या. लिफ्ट अडकली, काय करू? चोर स्वतः येऊन चोरी कबूल करत होते. सुरुवातीला बहीण-भाऊ पोट धरून हसले, तीसुद्धा. चहा पिता पिता एकेक तक्रार मोठ्यानं वाचायचे.

मग एका सकाळी एका बाईंचं पत्र आलं. बाई एका इस्पितळात लिफ्ट चालवायच्या. पत्र कामाच्या मेलवरून होतं, त्यामुळे खाली त्यांचं पूर्ण नाव आणि इस्पितळाचं नावही होतं.

"नमस्कार. मी एकोणीस वर्षं लिफ्ट चालवते. तुमचा गेम फार आवडला. दार बंद झाल्यावर लिफ्ट हलायच्या आधी जो बारीकसा 'खट्' होतो ना, तो अगदी खरा आहे. तो ऐकणारं माणूस मला आजवर भेटलं नव्हतं. पण माझी लिफ्ट अकरा आणि बाराच्या मध्ये थांबते. माझं काही चुकतंय का?"

तो 'खट्' थोरल्यानं वडिलांच्या जुन्या साइटवर चार दिवस बसून रेकॉर्ड केला होता. त्याचं त्यालाच नवल वाटलं की हे वाचून आपल्याला आनंद न होता राग आला. एवढं कळतं, आणि तरी चोरून खेळते? त्यानं ते पत्र जसंच्या तसं, नावासकट, सगळ्यांना दिसेल असं टाकलं आणि वर लिहिलं: "बाई, चोरीच्या लिफ्टला बारावा मजला नसतो."

जेवायच्या वेळेपर्यंत ते हजारो लोकांनी पुढे पाठवलं होतं. लोक थोरल्याची पाठ थोपटत होते. दोन दिवस विक्रीही वाढली.

चिंगी बाहेरून आली तेव्हा तिनं ते पाहिलं. "नाव तरी झाकायचंस, दादा."

"चोरांची नावं झाकायची?"

"तू आणि मी कशावर शिकलो रे? बाबा नाक्यावरच्या दुकानदाराकडून मार्करनं नावं लिहिलेल्या गेमच्या सीडी आणायचे. त्यातली एक तरी कंपनीची, खरी होती का?"

"लहान होतो आपण. आणि पुढे कमावायला लागल्यावर मी घेतले की ते गेम."

"किती घेतलेस?"

थोरल्यानं मनात मोजले. "तीन."

"आणि खेळलो किती?"

तो कीबोर्डकडे वळला. पोस्ट तशीच राहिली. तक्रारींचा पाऊस पडायला लागला तशी त्यानं सोय करून टाकली: ज्या पत्रात 'अकरा' असेल ते थेट एका वेगळ्या फोल्डरमध्ये जाईल, समोर येणारच नाही. "सगळे आता म्हणतात, आम्ही विकत घेतलाय," तो म्हणाला. "एकाचं पाहून दुसरा."

तीन आठवड्यांनी चिंगीनं तो फोल्डर उघडला. एका मासिकाला लेखासाठी गमतीदार तक्रारी हव्या होत्या, म्हणून. त्यात त्या बाईंची आणखी दोन पत्रं होती. पहिल्यात एकच ओळ: मी गेम विकत घेतला आहे, तरी लिफ्ट अकरावरच अडकते, कृपया तपासा. दुसरं घरच्या मेलवरून आलेलं आणि लांब होतं.

"आधी मी फुकटची कॉपी घेतली, हे खरं आहे. माझा कॉम्प्युटर फार जुना आहे. याआधी दोन गेम विकत घेतले, ते सुरूच झाले नाहीत आणि पैसे परत मिळाले नाहीत. तुमचा सुरू होतो का, एवढं बघायचं होतं. नमुना म्हणून थोडासा भाग तुम्ही कुठे ठेवला नव्हता. तो सुरू झाला. तिसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा विकत घेतला आणि तिथूनच पुढे खेळत राहिले, तरी अकराच्या पुढे अडकते. पावती जोडली आहे. ते माझं नाव तेवढं काढाल का? कामावर त्रास होतोय."

चिंगीनं खरेदीची यादी काढली. बाईंचं नाव त्यात होतं. तारीख पोस्टच्या सहा दिवस आधीची.

"शक्य नाही," थोरला म्हणाला. "विकतच्या कॉपीत लिफ्ट अडकूच शकत नाही."

"करून बघ."

त्यानं करून बघितलं. चोरीच्या कॉपीत तीन मजले खेळला, मग विकतची कॉपी लावली आणि तिथून पुढे गेला. चिंगी त्याच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. दीड तासानं लिफ्ट अकरा ओलांडून वर निघाली आणि मध्येच थांबली.

चूक अगदी बारीक होती. खेळाडू कुठवर आला याची जी नोंद साठते, तिच्यावरच त्यानं चोरीची खूण मारली होती. माणसानं नंतर पैसे देऊन गेम घेतला तरी नोंद जुनीच राहायची आणि खूणही. जे चोरून कायम चोरच राहणार होते, त्यांना हा सापळा लागत होताच. पण आधी खेळून, आवडला म्हणून प्रामाणिकपणे परत आलेला माणूसही त्याच सापळ्यात सापडत होता.

चिंगीनं फोल्डरमधली सगळी पत्रं यादीशी ताडून पाहिली. दोन दिवस लागले. सहाशेच्या वर पत्रं होती आणि त्यातल्या त्र्याऐंशी जणांनी गेम विकत घेतलेला होता.

"म्हणजे पाचशेच्या वर लोकांनी नाही घेतला," थोरला म्हणाला. बुडताना हाताला काहीतरी लागावं तसा तो आकडा त्यानं धरला होता. "ते कुणाला दिसत नाहीत."

"मला दिसतात की. पण ते आहेत म्हणून हे त्र्याऐंशी नाहीसे होतात का, दादा?"

त्यानं पोस्ट काढली, माफी लिहिली, चूक दुरुस्त केली. पण पोस्टचे फोटो केव्हाच इकडून तिकडे पसरले होते, ते कुणाच्या हातात उरले नव्हते. बाईंना त्यानं स्वतः पत्र लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं: रविवारी सकाळी घरी असते. या.

बाई तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. इमारतीला लिफ्ट नव्हती. दार त्यांनीच उघडलं. पन्नाशीच्या, अंगानं बारीक, केस घट्ट बांधलेले. खोलीत शिलाई मशीन होतं, त्याच्या फळीवर जुना कॉम्प्युटर आणि त्यावर घडी करून टाकलेला टॉवेल. त्यांनी दोघांना खुर्च्या दिल्या आणि स्वतः पलंगाच्या कडेला बसल्या.

"मी माफी मागायला आलोय," थोरला म्हणाला.

"वाचली मी. चांगली लिहिलीय."

"कामावर आता..."

"काम सुटलं." त्यांनी हे वेळ सांगावी तसं सांगितलं. "कुणीतरी वर कळवलं, इस्पितळाच्या मेलवरून चोरीचे उद्योग चालतात म्हणून. एकानं नव्हे, बऱ्याच जणांनी. करार संपत आला होता, तो पुढे वाढवला नाही. काढलं असं कुणी म्हणत नाही."

चिंगीनं मान खाली घातली. थोरला खुर्चीत पुढे सरकला. "तुम्ही आधीच जर सांगितलं असतंत की विकत घेतलाय..."

"सांगितलं की. दोनदा."

मग बाईच पुढे म्हणाल्या, "हे बघा, मी साधी भोळी आहे असं मी म्हणणार नाही. न विचारता उचलला, ते मी केलंच. आवडला नसता तर पैसे दिले असते का? नसते दिले. खरं ते सांगते. तुम्ही रागावलात, तो तुमचा हक्क होता. मला घरी खडसावलं असतंत तर मी गप ऐकून घेतलं असतं. तुम्ही चौकात उभं केलंत."

"मी इस्पितळाला लिहितो. सगळं खरं खरं कळवतो."

"लिहा. तुम्हाला बरं वाटेल."

त्यानं खिशातून पेन ड्राइव्ह काढला. "यात दुरुस्त केलेला गेम आहे. आत्ता लावून देतो. पाच मिनिटांत बाराव्या मजल्यावर जाल."

"नको."

"तुमचा हक्काचा आहे, बाई. पैसे दिलेत तुम्ही."

"स्ट्रेचरवर पेशंट असायचा," त्या म्हणाल्या, "शेजारी त्याची रडवेली बायको, आणि वॉर्डबॉय मला विचारायचा, काय बाई, आज बारावा मजला? शेवटचे तीन आठवडे रोज. तो गेम उघडला की आता मला तेच ऐकू येतं. घेऊन जा तो."

थोरल्यानं ड्राइव्ह परत खिशात ठेवला. निघताना दाराशी बाईंनी चिंगीला थांबवलं. "वर काय आहे, एवढं सांगाल?"

चिंगीला सांगता सांगता रडू फुटलं. "घर आहे. ते मेकॅनिक म्हणजे आमचे बाबा. कामावरून घरी येतात आणि म्हणतात, आलो गं, हात धुतो. बस, एवढंच."

"हं," बाई म्हणाल्या. "मला वाटलंच होतं, घर असेल." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

त्यानंतर फारसं काही घडलं नाही. माफी वाचून एका गटानं थोरल्याला झोडपलं, दुसऱ्यानं तो मऊ पडला म्हणून हिणवलं. फुकटच्या कॉपीखाली लोकांनी लिहिलं, बघा, आम्ही नंतर विकत घेतोच, हे आता सिद्ध झालं. लिहिणाऱ्यांपैकी एकाचंही नाव चिंगीला खरेदीच्या यादीत सापडलं नाही. विक्री महिन्याभरात जवळजवळ थांबली. त्र्याऐंशी जणांना त्यांनी एकेक पत्र लिहिलं. नऊ जणांची उत्तरं आली.

चिंगीनं दुसऱ्या गावातली नोकरी धरली. जायच्या आदल्या दिवशी ती तिचं टेबल आवरत होती.

"पुढचा गेम आपण नीट करू," थोरला म्हणाला. "सापळे नाहीत, काही नाही. सुरुवातीचे दोन मजले सगळ्यांना फुकट. बघू दे लोकांना."

"तू कर."

"तुझ्याशिवाय कसा करू?"

"तिनं लिहिलं होतं ना, तो आवाज ऐकणारं माणूस भेटलं नव्हतं," चिंगी म्हणाली. "आपल्याला चार वर्षांत तसं एकच माणूस मिळालं, दादा. तुझ्याबरोबर मीही आधी हसलेच होते की त्या तक्रारींना. मला आता चित्रच सुचत नाही. तुझ्यावर राग नाही."

राग असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

इस्पितळाला लिहिलेल्या पत्राचं उत्तर ती गेल्यानंतर पंधरा दिवसांनी आलं. कळवलेल्या माहितीबद्दल आभार मानले होते. इमारतीत आता स्वयंचलित लिफ्ट बसवल्यामुळे ते पद रद्द करण्यात आलं आहे, असं पुढे होतं. थोरल्यानं ते दोनदा वाचलं. बाईंना कळवावं की नाही हे त्याला ठरवता येईना. शेवटी त्यानं चिंगीला फोन केला आणि वाचून दाखवलं.

"बरं," ती म्हणाली. तिच्या मागं ऑफिसातली माणसं बोलत होती. मग तिनं विचारलं, "आईनं गोळ्या घेतल्या का?"

"घेतल्या," तो म्हणाला.