माझ्या अक्षरातली यादी

“अरे, तू फळ्यावर लिहायचं तेवढं लिही! डोकं चालवायला मी बसलोय ना इथं?” रमाकांतभाऊ ओरडला आणि खडूची पेटी माझ्या पुढ्यात आपटली.

“मी नाय लिहिणार.”

“का? हाताला काय झालं?”

“हाताला नाय. खोटं आहे ते.”

“खोटं?” त्याने चिंतामणीकडे बघितलं. चिंतामणी त्याचा मेव्हणा, समितीचा चिटणीस. भाऊ हसला की हा हसतो, भाऊ खोकला की हा पाणी आणतो. “ऐकलंस का रे? सहावी नापास आता आपल्याला खरंखोटं शिकवणार.”

“नापास नाय. सोडली मी.”

“तेच ते.”

तेच ते कसं? मास्तरने डस्टर फेकून मारला, मी उचलून परत मारला. त्याचा नेम चुकला, माझा नाय चुकला. मग मी शाळेत गेलोच नाय. पण अक्षर माझं पहिल्यापासून झकास. बाप मिलमध्ये कापडाच्या गाठींवर कुंचल्याने मार्का काढायचा, मरायच्या आधी त्याने मला बसवून शिकवलं. संयुक्त महाराष्ट्रासाठी आमच्या लोअर परळच्या गल्लीने स्वतःची समिती काढली तेव्हा फळा लिहायला मलाच बोलावलं.

फळा म्हणजे साधी गोष्ट नाय. पाळी सुटली की लोक मिलच्या गेटातून सरळ फळ्यापाशी येतात. एकजण मोठ्याने वाचतो, बाकीचे ऐकतात. सभा कुठे, मोर्चा कधी, कोण सुटून आला, कोण वारला. पेपरवाला खोटं छापेल, फळ्यावर खोटं येणार नाय, असं सगळे धरून चालतात. वर्षभर मी पण तसंच धरून चाललो.

आणि भाऊला लिहून पाहिजे होतं, “आपल्या चार पोरांची नावं पोलिसांना कोणी पुरवली? गल्लीच्या तोंडावर दुकान मांडून बसलेल्या परक्याला विचारा!”

गल्लीच्या तोंडावर दुकान एकच. कानजीभाई कच्छीचं, किराणा मालाचं.

चार पोरांचं त्याच दिवशी सकाळी झालं होतं. शुक्रवारी मंत्री परळला येणार होता, त्याला काळे झेंडे दाखवायचे म्हणून गल्लीतली चार पोरं ठरली. त्यात आमचा रघु. रघु म्हणजे भिवानानाचा मुलगा, माझा चुलतभाऊ. गुरुवारी नळाला पाणी आलेलं, सगळी चाळ बादल्या घेऊन उभी, आणि पोलीस आले. हवालदार गॅलरीत उभा राहून कागद वाचायला लागला. “रघुनाथ भिवा. वय वीस. मागची चाळ, खोली सतरा, संडासाला लागून.” दोघंतिघं हसले पण. रघु राखुंडीने दात घासत होता. तोंड काळंच, अंगात नुसता गंजीफराक, तसाच ओढला. कौसल्याकाकू सदरा घेऊन मागे पळाली तर तिला असं ढकललं की ती भरल्या बादलीवर पडली.

मी हवालदाराच्या खांद्यामागून कागद बघितला. अक्षर माझं होतं.

सोमवारी भाऊनेच मला घरी बोलावून ती यादी लिहून घेतली होती. नलूवहिनीने चहा दिला, नेहमीच्याच कान तुटलेल्या कपात. तो कप खिडकीत पालथा असतो, आमच्यातला कोण आला की खाली उतरतो. भाऊ बोलला, पूर्ण नाव लिही, वय लिही, मिल लिही, मिलमधलं खातं लिही, खोली कुठे ते नीट लिही. मी विचारलं, झेंडा दाखवायला खातं कशाला? तर बोलला, “यादी म्हणजे यादी असते, आनंदा. अर्धवट कागद मला चालत नाही. समितीच्या दप्तराला पाहिजे.” भाऊ फोर्टात हापिसात कारकून. खाली त्याने स्वतः सही केली, अध्यक्ष म्हणून, आणि शिक्का मारला. शिक्का नीट उठला नाय तर परत मारला.

तर आता मी ते तोंडावर बोललो. “हवालदाराच्या हातात माझा कागद होता, भाऊ. सोमवारचा. तुमचे दोन शिक्के होते.”

चिंतामणी उठला आणि दार लावून आला.

भाऊचा आवाज एकदम खाली. “हे बघ, सत्याग्रह लपूनछपून करत नसतात. पोलिसांना आगाऊ कळवायचं असतं. पद्धत आहे ती.”

“मग पोरांना का नाय सांगितलं?”

“मला वाटलं, आधी पोच येऊ दे.”

“कसली पोच?”

“पत्राची. शिक्का मारून देतात ना.”

च्यायला. चार पोरं लॉकपमध्ये आणि हा पोच मागतो. मला सगळं कळलं. रविवारी तालमीत समितीची निवडणूक होती आणि त्याच्यासमोर भिवानाना उभा होता. नाना दोनदा तुरुंगात जाऊन आलेला, भाऊ एकदा पण नाय. भाऊ भाषणाला उठला की लोक विडी ओढायला बाहेर जायचे, नाना उठला की बाहेरचे आत यायचे. भाऊला रात्रीची झोप नव्हती. त्याला एक कागद पाहिजे होता, सरकारी शिक्क्याचा, त्यावर ‘अध्यक्ष’ असं लिहिलेलं. रविवारी वर धरून दाखवायला. त्यासाठी त्याने रघुची खोली संडासाला लागून आहे हे पण कळवलं.

“हे बाहेर गेलं तर चळवळ फुटेल,” भाऊ बोलला. “कानजीचं काय मोठं? तो उद्या घाटकोपरला दुकान काढेल. त्यांची माणसं सगळीकडे असतात. मुंबई गिळायला बसलेत, आणि तू एका दुकानदाराचं घेऊन बसलास!”

मी खडूच्या पेटीला लाथ घातली आणि निघालो.

नाना उंबऱ्यावर बसला होता. गेल्या वर्षी धम्मदीक्षा घेतली तेव्हा त्याने घरातले सगळे देव स्वतः उतरवले, भिंतीवर अजून पांढरे चौकोन आहेत. मी सगळं सांगितलं. ऐकताना त्याच्या मानेची शीर उडत होती.

“तू हितंच थांब,” बोलला आणि चपला न घालता गेला.

मी खूश. वाटलं, आता भाऊला कॉलर धरून जिन्यावरून खाली आणतो. कौसल्याकाकू पण गॅलरीत येऊन उभी राहिली, कोपराला हळद लावलेली. तास झाला. ओरडा नाय, काय नाय. मग नाना आला, सावकाश.

“मिटलं,” बोलला.

“काय मिटलं?”

“रविवारी भाऊ उभा ऱ्हात नाय. माझं नाव त्योच सुचवनार. रघुच्या जामिनाचं पन बगतो म्हनला, कोन वकील हाय वळखीचा.”

“आणि कानजी?”

नाना बसला, मिशीवरून हात फिरवला. “कानजी तुझा कोन लागतो?”

“कोण नाय. पण त्याने नावं दिली नाय.”

“आरं, तुझ्या हातावर साखर टाकतो ती कशी टाकतो? वरनं. हात लागू नये म्हनून. तुझ्या आयशीच्या हातावर पन तशीच. त्याचा तुला यवढा पुळका?”

“पुळका नाय, नाना. खोटं आहे ते!”

“समदं खरं बोलून आमाला आजवर काय भेटलं? त्या खुर्चीवर आपला मानूस कधी बसलाय? मोर्च्यात म्होरं आमी, लाठी खायला आमी, आनि ठरवायला ते. येकदा बसू दे. मंग बगू खरंखोटं.” मग हळूच, काकूला ऐकू जाऊ नये असं बोलला, “आज चांगल्या कपात चा दिला.”

काकूला ऐकू गेलंच. “पोरगं आत मार खातंय, आनि तुमी चा पिऊन आलासा?”

“गप बस. तुला राजकारन कळत नाय.”

काकू आत गेली आणि तिने दाराची कडी लावून घेतली.

फळा चिंतामणीने लिहिला. वाकडा, ओळी खाली उतरत गेलेल्या. मला वाटलं, असलं गचाळ अक्षर बघून कोण विश्वास ठेवतो! पण साडेतीनला पाळी सुटली, गर्दी झाली, एकाने मोठ्याने वाचलं आणि झालं. अक्षराकडे कोण बघतो?

दुकान फोडायला पाव तास पण लागला नाय. पाटीवर डांबर फासलं. पोती फाडली. कानजीचा मुलगा आडवा आला, त्याच्या कपाळावर वजन बसलं, त्याच्याच दुकानातलं, अर्ध्या शेराचं. नाना आणि भाऊ दोघं फळ्याजवळ उभे होते, मध्ये एक माणूस उभा राहील एवढं अंतर ठेवून. दोघं बोलत होते, “शांतता राखा, शांतता राखा.” इतक्या हळू की मला पण ओठ बघून कळलं.

तूरडाळ गटारापर्यंत गेली होती. आधी पोरं आली, मग बायका आल्या, सुपं घेऊन, पदर पसरून. माझी आई पण. सुंदराबाई, दोन पोरांना शिस्त लावणारी, दुसऱ्याच्या दोरीवरचं फडकं न उचलणारी.

“सगळ्या नेत होत्या,” बोलली. “वायाच जानार व्हती.”

त्या दिवशी आमच्या अख्ख्या चाळीत तुरीची आमटी शिजत होती. मी जेवलो नाय. धाकटीने दोनदा घेतली.

शनिवारी दुपारी मी कानजीकडे गेलो. दार अर्धं उघडं, आत तो डबे पोत्यात भरत होता. मुलगा डोक्याला पट्टी बांधून मागे पडलेला. मी सगळं सांगितलं, यादी, शिक्के, पोच, नानाचा चहा. तो डबे भरतच होता.

“तू भिवाचा पुतण्या ना?”

“हो.”

“मला कशाला सांगतोस? मी नावं दिली नाही ते मला माहीत आहे.” त्याचं मराठी आमच्यापेक्षा साफ, जन्म इथलाच. “त्यांना सांग. जे माझी डाळ खातात त्यांना. सगळ्यांसमोर सांगशील?”

“सांगतो.”

“बघू.” त्याने बरणीत हात घातला, गुळाचा खडा काढला आणि सवयीने माझ्या हातावर टाकला. वरून. वीतभर अंतर ठेवून. दुकान गेलं, पोराचं डोकं फुटलं, तरी ते वीतभर अंतर जागच्या जागी. मी हात काढून घेतला. खडा जमिनीवर पडला. त्याला कळलं पण नाय मी का काढला ते.

बाहेर येऊन मी थुंकलो. मग वाटलं, असल्यासाठी कशाला मरायचं? घरी आलो, पडून राहिलो, पण ते डोक्यातून जाईना. तो चांगला असता तर सोपं झालं असतं. चांगला नाय. पण नावं त्याने दिली नाय. दोन्ही खरं आहे.

आज रविवार. सकाळी नाना नवीन सदरा घालून आला, माझ्या खांद्यावर हात टाकला. गुरुवारपर्यंत हा माणूस माझा देव होता, आणि आज तो हात मला पालीसारखा वाटला.

“चिंतामणीला काढून तुला चिटनीस करतो. फळा तुझा, दप्तर तुझं. आनि आज सबेला येऊ नको. तुला ताप हाय असं सांगतो.”

“रघुचा जामीन झाला?”

“हुईल की. वकील गावाला गेलाय.”

“मी येणार, नाना.”

त्याने हात काढला. “आलास तर माजा पुतन्या न्हाईस. आनि यादी कुनी लिवली म्हनून लोक इचारतील, तवा काय सांगशील? अक्षर कुनाचं म्हनशील?”

“माझं म्हणून सांगेन.”

तो गेला. तेव्हापासून आई दारात बसलीय.

“तुज्या बापाला त्या तालमीची पायरी चडू देत नव्हते,” ती बोलते. “आज त्याचा भाऊ तितं आत, खुर्चीवर बसनार. समदी गल्ली हार घालनार. आनि तू उठून त्याच्या तोंडाला काळं फासनार?”

खरंच आहे ते. बाप पायरीखाली उभा राहून आतली कुस्ती बघायचा, मी त्याच्या खांद्यावर.

“मग रघु?” मी विचारतो.

ती तोंड फिरवते.

तालमीत लाउडस्पीकर लावलाय. मघापासून चिंतामणी “हॅलो, हॅलो” करतोय. आता भाऊचा आवाज आला. भिवाजींसारखा निर्भय नेता, बोलतोय. भिवाजी! परवापर्यंत ‘तो भिवा’ होता. टाळ्या पण झाल्या.

कौसल्याकाकू समोरच्या गॅलरीत येऊन उभी राहिलीय. नुसती माझ्याकडे बघतेय.

आई उंबऱ्यात आडवी बसलीय, पाय पसरून. तिला ओलांडून जायला लागणार. नानाचं नाव पुकारलं. आता मला निघायला पाहिजे.