उकळी न फुटलेलं पाणी

विल्मारच्या छातीतला जंतू काही केल्या हटत नव्हता. फुप्फुसातल्या नळ्या ढिल्या पडलेल्या, त्यांत कफ साचायचा आणि त्या कफात हा पाहुणा ठाण मांडून बसलेला. एक महिना रोज दोनदा नेब्युलायझरमधून अँटिबायोटिक ओढायचं, एक महिना सुट्टी, अशा तीन फेऱ्या झाल्या. आज ताक्वारेम्बो गावच्या दवाखान्यात डॉक्टर सिल्वेइरांनी कफाचा रिपोर्ट पुढे केला. जंतू वाढले होते.

"निल्दाबाई, मशीनचा कप रोज उकळता ना?" नर्स ओफेलियाने विचारलं.

"म्हणजे काय, रोज," विल्मारची बहीण निल्दा फटकन म्हणाली.

धडधडीत खोटं. पहिले पंधरा दिवस तिने कप पाच-पाच मिनिटं उकळला, मग कंटाळली. चुलीवर येर्बाच्या कडू चहाची किटली दिवसभर असायचीच. तेच पाणी ती कपावर ओतायला लागली. आता येर्बाचं पाणी उकळू द्यायचं नसतं, नाहीतर पाला करपतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण हात पोळतो म्हणजे जंतू मेलेच, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

"मग एकच उरतं," डॉक्टर म्हणाले. "डोस चुकतायत. औषध नीट घेत नसाल, तर मला ते बंद करावं लागेल. पुढे त्रास वाढला की भरती, सलाईन."

मागच्या भरतीनंतर विल्मार घरी आला तेव्हा त्याची पँट दोरीने बांधावी लागली होती. या खेपेला तो परत येईलच, असं कुणी सांगावं?

"चुकतात हो," विल्मार खाली मान घालून म्हणाला. "कंटाळा येतो."

निल्दा दचकली. या माणसाने एक डोस चुकवला नव्हता. भाचीच्या लग्नातसुद्धा हा स्वयंपाकघरात मशीन लावून बसला होता, बाहेर सगळे नाचत असताना. मग हा खोटं का बोलतोय? तो हातातली टोपी गोल गोल फिरवत होता, तिच्याकडे बघत नव्हता. तेव्हा तिला कळलं, हा आपल्याला पाठीशी घालतोय, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरांचं पेन चालू झालं. अर्धी ओळ लिहून होईपर्यंत तिने ते चालू दिलं, आणि त्या अर्ध्या ओळीबद्दल तिने स्वतःला पुढे कधीच माफ केलं नाही.

"थांबा, डॉक्टर," ती म्हणाली. "तो एकही डोस चुकवत नाही. मीच कप उकळत नाही. येर्बाच्या पाण्याने धुते."

ओफेलियाने खिडकीतल्या स्वतःच्या येर्बाच्या पाण्याच्या थर्मासकडे पाहिलं. "अहो बाई, त्यात जंतूंची छान अंघोळ झाली असेल."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी लिहिलेलं खोडलं. "नवा कप देतो. आणखी एक महिना औषध घ्या. कप दर वेळी खळखळून उकळायचा, घड्याळ लावून. मग पुन्हा कफ तपासू."

बाहेर बाकावर विल्मार दम खायला टेकला. निल्दा उभीच राहिली.

"तुला माहीत होतं?"

"कपावर किटलीतलंच पाणी ओततेस, ते दिसायचं. ते चुकून उकळलं की तू शिव्या घालतेस. सहा महिन्यांत मी एक शिवी ऐकली नाही."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

त्याला खोकल्याची उबळ आली. ती संपेपर्यंत त्याने हात वर करून तिला थांबवून ठेवलं.

"सूप खारट झालंय म्हणालो होतो, तर तू पिशवी भरून धाकट्या बहिणीकडे रिवेराला निघालीस. बायको गेल्यापासून घरात बोलायला तूच आहेस. त्यापेक्षा जंतू परवडला."

त्या दिवशी निल्दा दारापर्यंत जाऊन परतली होती. पण भरलेली पिशवी तिने खाटेखाली तशीच ठेवली होती, त्याला जाता-येता दिसेल अशी. धाक राहावा म्हणून.

घरी येताच तिने पातेलं चुलीवर चढवलं. नवा कप पाण्यात खडखडायला लागला तसं तिने घड्याळ पाहिलं, खाटेखालची पिशवी ओढली आणि एकेक कपडा कपाटात ठेवायला घेतला. विल्मार दारातून बघत होता.

"येर्बा कधी?" त्याने विचारलं.

"आधी तुझा कप," ती म्हणाली.