एडनाबाईंचं पातेलं

अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावातल्या घरात फ्रिजवर एक निळं, झाकणाचं पातेलं चार महिने ठाण मांडून बसलं होतं, आणि त्याने पद्मिनीची झोप उडवली होती. लोकाचं भांडं घरात ठेवायचं नाही, आणि परत करायचं तर रिकामं द्यायचं नाही, हे आईने तिला भातुकलीच्या वयात शिकवलेलं. आता भांड्याची मालकीण एडना बसली चारशे मैलांवर, कॅनडातल्या एका खेड्यात!

झालं होतं असं. सत्त्याऐंशीच्या नोव्हेंबरात टोरांटोला बहिणीकडे जाताना तिची आणि तिच्या नवऱ्याची, श्रीरंगची, गाडी भर बर्फात बंद पडली. पहिला जो थांबला तो एडनाचा नवरा. त्याने गाडी ट्रॅक्टरने ओढून घरी नेली आणि दोन दिवस खपून स्वतः दुरुस्त केली. पाहुणे मांस खात नाहीत म्हटल्यावर एडनाने अख्ख्या घराला दोन दिवस बटाटे आणि घेवडा खायला घातला. निघताना उरलेलं सूप पातेल्यासकट गाडीत ठेवलं.

"पोस्टाने पाठव ना," श्रीरंग म्हणाला.

"रिकामं?"

"मग लाडू भर."

"आणि वाटेत भुगा झाला म्हणजे? तुला काय, तू ऑफिसला जातोस. ते दिवसभर माझ्याकडे बघत असतं."

शेवटी मार्चमध्ये तिने मनाचा हिय्या करून एडनाला फोन लावला. उशीर झाला, उन्हाळ्यात स्वतः आणून देते, म्हणाली. पलीकडे एडना खळखळून हसली. पातेलं तिचं नव्हतंच. आदल्या वर्षी तिच्याकडे अडकलेल्या एका कुटुंबाने ते मागे ठेवलं होतं, आणि त्यांनाही ते असंच कुणीतरी दिलेलं.

"राहू दे तुझ्याकडे," एडना म्हणाली. "कुणीतरी येईल."

"इथे कोण येतंय अडकायला?" श्रीरंग म्हणाला. "पावलापावलावर गॅरेज आहे."

पण आले. एप्रिलच्या अवकाळी बर्फात आयोवाच्या नंबरप्लेटची एक गाडी घसरून त्यांच्या दारासमोरच्या चरात रुतली. आत म्हातारा-म्हातारी. परक्याला दार उघडायचं नाही, हे अमेरिकेने पद्मिनीला शिकवलं होतं. ती दोन मिनिटं पडद्याआड घुटमळली, मग साडीवर कोट चढवून बाहेर पडली.

गाडी ओढायला ट्रक यायला संध्याकाळ झाली. तोवर दोघांनी मुगाची खिचडी दोनदा मागून घेतली. निघताना पद्मिनीने फ्रिजवरचं पातेलं काढलं, खिचडी भरली, वर चांगलं सढळ हाताने तूप सोडलं.

"हे परत कसं करू?" म्हातारीने काळजीने विचारलं.

"करू नका," पद्मिनी म्हणाली, आणि तिला एडनाचं सगळं सांगितलं.

आईचा शब्द आज मोडला की पाळला, हे तिचं तिलाच कळेना. पातेलं भरून गेलं होतं एवढं खरं. जीव मात्र हलका झाला होता. फ्रिजवरच्या मोकळ्या जागी तिने पोळ्यांचा डबा ठेवला आणि श्रीरंगला जेवायला हाक मारली.