न्हाणीची कडी

माइकसमोर उभा राहून छुआना रडत होता आणि त्याच्याबरोबर अख्खं चर्च रडत होतं.

"मी मेल्यातच जमा होतो," तो म्हणाला. "नशेच्या सुईनं मला मारलं होतं. देवानं मला उठवलं."

म्हाताऱ्या बायांनी शालीची टोकं डोळ्यांना लावली. ढोलवाल्यानं ढोलावर हात टाकला, गाणं उसळलं आणि पुढच्या मोकळ्या जागेत बाया-बापे हात वर करून डोलू लागले. छुआनाची आई तर मधोमध नाचत होती. नवऱ्यामागे एकटीनं पोर वाढवलेली, मान खाली घालून बाजारात जाणारी ती बाई आज पहिल्यांदाच सगळ्यांच्या डोळ्यांना डोळे भिडवत होती.

रोकिमी, जिला अख्खी आळी मानानं 'पी' म्हणायची, ती मात्र बायकांच्या बाकावर बसून राहिली. खरं तर आज सगळ्यांत जास्त आनंद तिलाच व्हायला हवा होता. मिशनच्या दवाखान्यात जन्मभर नर्स म्हणून राबून ती निवृत्त झाली, तेव्हा चर्चनं तिला मागची एक खोली मलमपट्टीसाठी दिली होती. चंफाईच्या डोंगरापलीकडे बर्माची हद्द, आणि तिकडून येणारी पांढरी पूड इकडच्या पोरांच्या शिरांत जायची. हात सुजले, गळू पिकलं की पोरं तिच्या दारात येऊन चोरासारखी उभी राहायची. रोकिमी आधी त्यांना गाढव, बोकड असं मनसोक्त बोलून घ्यायची, मग पाणी उकळायला ठेवायची आणि मग ज्या जखमेकडे सख्खी आईही बघायची नाही ती जखम मांडीवर घेऊन धुवायची. छुआनाचा डावा हात तिनेच वाचवला होता. चर्चच्या शिबिरात त्याला हाताला धरून तिनेच पोहोचवलं होतं.

पण रोकिमीला जे माहीत होतं ते त्या ढोलाच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नव्हतं. नशेत मुरलेलं शरीर विष पचवायला शिकतं. शिबिरात महिनोन्महिने राहिलं की ते पुन्हा कोवळं होतं. हाताला मात्र जुनंच माप आठवतं. घरी आल्यावर एकदा जरी पाय घसरला आणि पोरानं जुन्या मापानं सुई भरली, तर श्वासच बंद पडतो. गेल्या वर्षी आळीतल्याच झोवा नावाच्या पोराचं असंच झालं होतं. त्यानंही अशीच साक्ष दिली, त्याच्यासाठीही असाच ढोल वाजला आणि त्याच आठवड्यात तो न्हाणीत गेला आणि आतून कडी लावली. कडी तोडेपर्यंत पोर गार पडलं होतं.

दुपारी छुआनाच्या घरी माणसं मावेनात. चुलीवर डुकराचं मटण शिजत होतं, लाल चहाचे कप फिरत होते. चर्चचे वडील उपा दोलिआना छुआनाच्या खांद्यावर हात टाकून बसले होते, जणू पोराला त्यांनीच जन्म दिला होता. रोकिमीनं छुआनाच्या आईला हळूच स्वयंपाकघरात ओढलं आणि पिशवीतून पत्र्याची छोटी डबी काढली.

"हे काय आणलंत?"

"उतारा आहे. सरकारी आरोग्यवाल्यांनी मला दोन दिलेत. पोराचा श्वास अडकला, ओठ निळे पडले, तर ही सुई मांडीत टोचायची. आधी त्याला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं, म्हणजे उलटी घशात जाणार नाही. आणि हे बघ, न्हाणीच्या दाराची कडी काढून टाक."

छुआनाची आई तिच्याकडे बघतच राहिली. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"आजच्या दिवशी? आजच्या दिवशी तुम्ही माझ्या घरात सुई घेऊन आलात?"

"हळू बोल गं, बाहेर माणसं आहेत."

"असू देत माणसं! ऐकू दे सगळ्यांना! देवानं माझं पोर धुऊन दिलं आणि तुम्ही त्याच्या मरणाची तयारी करून आलात? मी याच हातांनी सगळ्या सुया वेचून जाळल्या, पी रोकिमी. एक एक सुई. घेऊन जा ते!"

आवाज ऐकून उपा दोलिआना दारात आले. काय झालं ते त्यांना डबीकडे बघूनच कळलं.

"अहो, तुम्ही चर्चचं माणूस," ते दुःखी आवाजात म्हणाले. "तुमचाच विश्वास एवढा तोकडा?"

"विश्वास आहे हो उपा. दवाखान्यात रोज प्रार्थना करूनच जायचे मी. पण हात धुवायचेही सोडले नाहीत."

छुआनाच्या आईनं डबी तिच्या पिशवीत कोंबून पिशवी तिच्या खांद्याला अडकवली. रोकिमी मागच्या दारानं निघाली. चढणीच्या पायऱ्यांवर छुआना बसलेला होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"पी, तुलाही भरवसा नाही माझा?"

ती त्याच्या शेजारी बसली. धाप लागली होती. आता बोलायला सुरुवात केलीच आहे तर पुरतं बोलावं, असं तिनं ठरवलं.

"भरवसा आहे रे बोकडा. म्हणून तर सांगते. देव करो आणि कधी हात जायला नको. पण गेलाच तर जुनं माप घ्यायचं नाही. आणि दार लावून एकटं बसायचं नाही. मला हाक मारायची. मी ओरडणार नाही."

"ओरडशील," छुआना म्हणाला आणि क्षणभर हसला. मग त्याचं हसू विरलं. "कशाला सांगितलंस गं? सकाळपासून डोक्यात नव्हतं ते. आता आलं बघ."

तो उठून आत गेला. रोकिमीला उठवेना. आपण दार बंद करायला गेलो आणि उघडं तर टाकून आलो नाही ना, असं तिला वाटत राहिलं.

त्यानंतरचे दिवस तिनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. आळीत मध्यभागी खांबावर कर्णा आहे. पाणी कधी येणार इथपासून कोण वारलं इथपर्यंत सगळं त्यावरून सांगतात. कर्णा खरखरला की रोकिमीचा हात होता तिथे थांबायचा. एकदा ती एका म्हाताऱ्याच्या पायाला पट्टी बांधत होती. कर्णा खरखरला आणि तिनं पट्टी अशी आवळली की म्हातारा किंचाळला. बातमी होती, कुणाची तरी डुकरीण सुटली आहे आणि ती कोबीच्या वाफ्यात दिसल्यास कळवावं.

"डुकरिणीसाठी माझा पाय तोडतेस का बाई?" म्हातारा कळवळला. रोकिमीला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं.

बायकांच्या प्रार्थनासभेत छुआनाच्या आईनं तिच्याकडे पाहिलंही नाही. दुसऱ्या कुणी शेजारची जागा दिली नाही, असं नाही. पण बोलणं तिच्यापाशी आलं की तुटत होतं. रात्री रोकिमी देवाशी भांडायची. "मी चुकले असेन तर मला चुकीची ठरव," ती म्हणायची. "सगळ्या आळीत हसं होऊ दे माझं. पण त्या पोराचा श्वास तेवढा चालू ठेव." अशी प्रार्थना तिनं आयुष्यात कधी केली नव्हती.

हाक आली ती कर्ण्यावरून आली नाही. भरदुपारी ती पट्ट्या वाळत घालत होती आणि खालच्या उतारावरून छुआनाच्या आईचा आवाज आला.

"पी रोकिमीऽऽ!"

एकच हाक. रोकिमीनं हातातल्या पट्ट्या टाकल्या, डबी उचलली आणि त्या वयात ती पायऱ्या अशी उतरली की पाहणाऱ्यांनी नंतर बरेच दिवस त्याची नक्कल करून दाखवली. त्या वेळी मात्र कुणी हसलं नाही.

न्हाणीचं दार सताड उघडं होतं. छुआना फरशीवर पडला होता, ओठ जांभळे, बोटं निळसर. पण तो कुशीवर वळवलेला होता. डोक्याखाली आईनं आपलं नेसायचं नवं पुआन घडी करून ठेवलं होतं, तेच, जे ती रविवारी नाचताना नेसली होती. ती स्वतः त्याचं डोकं धरून बसली होती.

रोकिमीनं त्याच्या मांडीत सुई टोचली. मग त्याला उताणा केला, नाक दाबलं आणि त्याच्या तोंडात श्वास भरू लागली. भरायचा, थांबायचं, छातीकडे बघायचं. पुन्हा भरायचा. छुआनाच्या आईनं देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. एवढ्यात छुआनाच्या घशातून घरघर आली, छाती एकदाची वर गेली आणि त्यानं डोळे उघडून ओकारी काढली. रोकिमीनं त्याला परत कुशीवर घेतला.

"गाढवा," ती म्हणाली. "ए गाढवा. बघ माझ्याकडे. झोपायचं नाही."

ती उठली आणि न्हाणीच्या दाराला टेकली. पाठीला काहीतरी टोचलं म्हणून तिनं मागे हात नेला. जिथे कडी होती तिथे स्क्रूची ताजी भोकं होती, आणि भोवती लाकडाचे टवके निघालेले, सुरीनं उचकटल्यासारखे.

छुआनाच्या आईनं मान खाली घातली.

"रविवारीच काढली," ती पुटपुटली. "पाहुणे गेल्यावर. मग रात्रभर देवाची माफी मागितली."

उताऱ्याचा जोर थोडा वेळच टिकतो, पोराला दवाखान्यात न्यायलाच हवं होतं. रस्ता वर, गाडी वर. तेवढ्यात धावत आलेल्या उपा दोलिआनांनी छुआनाला पाठुंगळी घेतलं आणि त्या पायऱ्या चढून गेले. गाडीत बसवल्यावर धापा टाकत ते रोकिमीला म्हणाले, "आता रविवारी हा चर्चमध्ये कसा उभा राहणार?"

"उभं कशाला राहायला हवं? बाकं आहेत की," रोकिमी म्हणाली. "बसू द्या ना त्याला."

उपांनी आत वाकून छुआनाची मान सावरली. "माझ्या शेजारी बसेल," ते म्हणाले.

दवाखान्यात छुआनानं भिंतीकडे तोंड करून एकच गोष्ट सांगितली. "निम्मंच घेतलं होतं पी. तू सांगितलं होतंस म्हणून." रोकिमीनं त्याच्या केसांवरून हात फिरवला. निम्म्यात हे, तर पुऱ्यात काय झालं असतं, हे तिच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला घरी आणलं. तो आत झोपला. दार उघडं ठेवून दोघी बायका चुलीपाशी बसल्या, कुणाचंच त्याच्या छातीवरून लक्ष हटत नव्हतं.

"ती दुसरी सुई," छुआनाची आई अखेर म्हणाली. "आहे अजून?"

रोकिमीनं डबी पुढे केली. छुआनाच्या आईनं ती घेतली, कुठे ठेवावी म्हणून सगळीकडे पाहिलं, आणि मग फळीवरचा देवाचा डबा खाली घेतला. भात शिजवण्याआधी प्रत्येक घरातली बाई एक मूठ तांदूळ त्यात बाजूला टाकते आणि महिनाअखेर तो चर्चला जातो. त्या डब्याला तिच्या घरात कुणी, अगदी सुईसाठी पैसे नसतानाच्या दिवसांत छुआनानेही, कधी हात लावला नव्हता. तिनं डबी त्या तांदळात ठेवली.

मग तिनं रात्रीच्या भाताचे तांदूळ घेतले आणि त्यातली एक मूठ भरून डब्यावर धरली. एवढ्यात बाहेर कर्णा खरखरला. दोघींचे हात जागच्या जागी थांबले. दोघींनी एकदमच आत पाहिलं.

उद्या सकाळी नळाला पाणी उशिरा येईल, असं कर्ण्यावर सांगत होते.

छुआनाच्या आईनं श्वास सोडला आणि मूठ उघडली.