नळीच्या तोंडचं फडकं

पाणी तिच्या आसनापर्यंत आलं होतं. थोरली सून नेहमीप्रमाणे सकाळी दिवा लावायला स्वयंपाकघरामागच्या लहान खोलीत शिरली, तर पाय पचकन ओल्या चटईवर पडला. पाणी कोमट होतं. तिने वर पाहिलं. भिंतीवरच्या बॉयलरच्या बुडाला जे गोल झाकण बोल्टांनी आवळलेलं असतं, त्याच्या कडेने पाण्याची बारीक धार लागली होती. आणि शेजारी खाली आलेल्या नळीच्या तोंडात तिने काल कोंबलेलं निळं फडकं अजून तसंच होतं.



तिने आधी बॉयलरचं बटण बंद केलं, मग फडकं ओढलं. नळी फुसकन वाफाळली आणि कढत पाणी खालच्या पत्र्याच्या डब्यात थडथड कोसळलं. बोटं भाजली. तरी तिच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही, कारण तिचा नेमच तसा होता. झोपेतून उठल्यापासून देवापुढची माळ पुरी होईपर्यंत शब्द उच्चारायचा नाही. या घरात आल्यापासून ताप असो, पाहुणे असोत, तो कधी मोडला नव्हता. सासूबाई चारचौघांत सांगत, "अशी सून दिवा घेऊन शोधलीत तरी मिळणार नाही. सकाळभर घरात वाद म्हणून नाही!"

त्या सासूबाईच आता दारात येऊन उभ्या राहिल्या आणि घसरता घसरता सुनेच्या हाताला धरून सावरल्या.

"अगं बाई! हे कसलं तळं? ए शेंडेफळा! ऊठ, बघ तुझी करामत!"

शेंडेफळ म्हणजे धाकटा दीर. पांघरूण खांद्यावर घेऊनच तो आला. धार पाहिली आणि त्याचा चेहरा पिठासारखा झाला.

त्याच्या हाताला यश नाही, असं घरात सगळेच हसत हसत म्हणत आले होते. बेकरीत राहिला, तिथून फोटोच्या दुकानात, तिथून कुठे कुठे. बॉयलर बसवणाऱ्या मिस्त्रींच्या हाताखाली मात्र तो टिकला होता. घरचा हा बॉयलर त्याने एकट्याने बसवला होता, आणि मिस्त्री म्हणाले होते, "घरचा नीट चालला तर लोकांकडे एकटा पाठवीन. नाहीतर बस माझी पिशवी वाहत." तेच मिस्त्री रोज सकाळी गाडी घेऊन त्याला न्यायला येत. आजही येणारच होते.

तो गुडघ्यांवर बसून झाकणाच्या कडेवरून बोट फिरवू लागला, मग नळीच्या तोंडाशी वाकला. थोरलीने फडक्याची मूठ पदराआड घट्ट आवळली. त्याने तिच्याकडे पाहिलं, काहीतरी विचारणार असं वाटलं, पण तो नुसता म्हणाला, "वहिनी, तुमचं आसन भिजलं. दुसरं देऊ?"

तिने मान हलवली. नको. आणि ती ओल्या आसनावरच बसली. फडकं मांडीखाली सरकवलं, माळ हातात घेतली.

देवाचं फळकुट तिने मुद्दाम या खोलीत आणलं होतं. थंडीत बॉयलरपाशी ऊब असे. पण नवा बॉयलर आला आणि पाणी तापू लागलं की नळीतून एकेक थेंब डब्यात पडायचा. टप्प. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टप्प. मन तिकडेच लागायचं, पुढचा कधी पडेल म्हणून. माळ कुठवर आली ते हुकायचं. म्हणून तिने एक दिवस जुन्या अभ्र्याचं फडकं नळीत कोंबलं, जप झाल्यावर काढून टाकलं. मग रोजच तसं करू लागली. काल मात्र जप संपतो न संपतो तोच सासूबाईंनी हाक मारली आणि फडकं राहून गेलं. दिवसभर राहिलं, रात्रभर राहिलं.

ही नळी कशासाठी, हे धाकट्याने सांगितलं होतं. बॉयलर बसवला त्याच्या दुसऱ्या सकाळी तो उत्साहाने बोलत होता, "वहिनी, बाकी काहीही करा, पण हिचं तोंड कधी..." ती जपाला बसलेली होती. पुढचं तिच्या कानावर पडलं असेल, मनावर पडलं नव्हतं. तिने मान मात्र हलवली होती.

खाली हॉर्न वाजला. पाठोपाठ जिन्यात मिस्त्रींचा दणदणीत आवाज आला, "काय रे, अजून अंथरुणात का?"

कुणी काही सांगायच्या आत ते खोलीत आले आणि थबकले. जप करणाऱ्या बाईला पाहून आवाज खाली आणला, एवढंच.

"झाकणाखालची रबरी चकती नीट बसली नव्हती?"

"बसली होती."

"बोल्ट सगळे सारखे आवळलेस?"

"हो. समोरासमोरचे, तुम्ही शिकवलंत तसे."

"मग काय बॉयलरला रडू आलं म्हणून गळतोय?"

सासूबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "मी म्हटलंच होतं, जाणत्या माणसाकडून बसवून घेऊ. घरातल्या घरात प्रयोग नकोत."

थोरलीच्या बोटांना शेवटचा मणी लागला. माळ पुरी झाली. आता बोलता येत होतं.

तिने माळ फिरवली आणि पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरुवात केली. दोन माळा करू नयेत असं नेमात कुठे होतं? डोळे मिटलेलेच ठेवले. देवाचं नाव ओठांत होतं आणि कान सगळे पाठीमागे.

"आज काय हिची माळ सरतच नाही," सासूबाई पुटपुटल्या. "घरात पूर आला तरी ही आपली देवापाशी. पुण्यवान गं बाई!"

ते शब्द तिला भाजलेल्या बोटांपेक्षा जास्त झोंबले.

मिस्त्रींनी सुस्कारा सोडला. "हे बघ बाबा, राग नाही माझा. पण लोकांच्या घरात लहान मुलं असतात, म्हातारी माणसं असतात. इतक्यात तुला एकटा नाही पाठवता येणार."

"चुकलं असेल माझंच," धाकटा म्हणाला. आवाज सपाट होता, सवय असल्यासारखा.

"भाऊजींचं चुकलं नाही."

सगळे वळले. थोरली बोलली होती. तिने मांडीखालचं फडकं काढून समोर धरलं.

"अगं, तुझा नेम!" सासूबाई ओरडल्या.

"नेम केव्हाच झाला, आई. मी लपून बसले होते." तिने फडकं मिस्त्रींपुढे केलं. "थेंबाचा आवाज नको म्हणून मी हे नळीत घालत होते. काल काढायचं विसरले. सकाळी काढलं ते कुणाला दिसू नये म्हणूनच."

मिस्त्रींनी फडकं चिमटीत घेतलं. "बाई, आतला दाब वाढला की बाहेर पडायला एवढी एकच वाट असते. ती बुजवलीत. नशीब, चकतीच फाटली. टाकी फाटली असती तर देवासकट ही भिंत खाली गेली असती. तुम्ही इथेच बसता ना?"

तिने खाली मान घालून हो म्हटलं.

"याने सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं. मी नीट ऐकलं नाही."

"त्या जपात होत्या," धाकटा घाईने म्हणाला.

"मग मान हलवणाऱ्या माणसाला कशाला सांगत बसलास?" मिस्त्री त्याच्यावर उखडले. "उद्यापासून ज्याच्या घरी जाशील, त्याच्याकडून पुन्हा वदवून घ्यायचं. त्याच्या तोंडाने. समजलं?"

"ज्याच्या घरी म्हणजे... एकटा?"

"मग काय मिरवणूक काढू? गाडीतून नवी चकती आण."

धाकटा जिन्यावरून धडधडत उतरला. सासूबाईंनी फडताळातून मलम आणून सुनेचा हात ओढला आणि भाजलेल्या बोटांना जरा जोरातच चोळलं. "एवढं दुखत होतं तर तेव्हाच ओरडायचं. देव काय कानांत बोळे घालून बसलाय?"

दुपारी काम आटोपल्यावर धाकटा हात पुसत तिच्यापाशी आला. "वहिनी, नळी लांबवून डब्याच्या तळाला टेकवतो. मग आवाज यायचा नाही."

"राहू द्या, भाऊजी. वाजू दे."

तो जायला निघाला तेव्हा त्याच्या बाहीच्या बटणाला अडकलेला धागा तिला दिसला. निळा.

"हा कुठला?"

त्याने तो काढून बोटाला गुंडाळला. "नळीच्या तोंडाशी चिकटला होता. सकाळी."

"सकाळी? म्हणजे मिस्त्री यायच्या आधी? मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही जपात होता ना," तो म्हणाला. टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ती सुकलेल्या आसनावर बसली. पाणी तापलं. टप्प. ती थांबली, माळ कुठवर आली ते हुकलं. तिने पहिला मणी पुन्हा धरला. पुढचा थेंब पडेपर्यंत देवाचं नाव काही सुचेना, त्या पोराचा सपाट आवाजच तेवढा आठवत राहिला.